तिच्या जागेवर बसून शिकलेला अंधार

लातूर, गुरुवार

ती. शेषेरावमामा यांच्या सेवेशी रामलिंगचा साष्टांग नमस्कार. (पोरांचे मामा म्हणून मीही तुम्हाला मामाच म्हणत आलो. आता या वयात काय बदलायचं.) गुडघा कसा आहे? मामींची साखर? इकडे मी ठीक आहे. दोन वेळचं होतं. वरण रोज वेगळ्या चवीचं होतं, एवढंच.

कळविण्यास कारण की मी इंग्रजी शिकायलोय. (मामींना लगेच सांगू नका.) तुमच्या बहिणीने आमच्या गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला होता. तेरावा झाल्यावर मी तिची वही आणायला गेलो, तर पुनम मॅडम म्हणाल्या, "काका, वही बी न्या अन् जागा बी घ्या. अर्धा कोर्स राहिलाय, बसा की." मला भिडेने नाही म्हणवेना. शिवाय शेवटी तीन मिनिटं इंग्रजीत बोललं की सर्टिफिकेट मिळतं. ते तिच्या नावाचं मिळेल का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, मिळेल, पण कुणाच्या वतीने बोलताय ते सुरुवातीला नाव घेऊन मोठ्याने सांगायचं. इथेच माझी पंचाईत झाली. चाळीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. 'अगं', नाहीतर 'बालाजीची आई'. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सातला दारात उभा राहून मी "गुड नाईट" म्हणालो. बाहेर अंधार पडला होता, त्यामुळे चूक माझ्या लक्षात आली नाही. वर्षाराणी म्हणून एक नर्सिंगची मुलगी आहे, ती म्हणाली, "आजोबा, आत्ताच आलाव अन् लगेच निघालाव?" मग कळलं की कितीही काळोख असो, भेटताना गुड इव्हनिंगच. गुड नाईट फक्त निरोपाचं. हजेरीपटावर अजून तिचंच नाव आहे. मॅडम "केवळाबाई" म्हणतात आणि मी "येस मॅडम" म्हणतो. आता कुणी हसत नाही.

नेमका धडा निघाला तो रात्रीच्या शब्दांचा. आपण 'अंधार पडला' म्हणून कडी लावतो. इंग्रजांनी त्याचेही तुकडे केलेत. दिवस बुडाल्यापासून पुरती रात्र होईपर्यंत ट्वायलाइट, त्यातला शेवटचा काळवंडलेला भाग डस्क, रात्र येऊन ठेपली की नाईटफॉल, डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना म्हणजे पिच डार्क, आणि पूर्वेला फटफटलं की डॉन. मी तिची वही उघडली. हा धडा तिचा झालेला होता. (नव्या पोरांसाठी मॅडम पुन्हा घेत होत्या.) शब्दांपुढे तिने आपले अर्थ लिहिलेत. ट्वायलाइट: हे पेपर खिडकीशी नेऊन वाचतात ती वेळ. डस्क: तरी उठून लाईट लावत नाहीत ती वेळ. पिच डार्क: लाईट गेल्यावर हे जागेवरूनच 'अगं' म्हणतात ती वेळ. मिडनाईटपुढे काही लिहिलेलं नाही. ती नऊलाच झोपायची.

भाषणाला मी हाच विषय घेतला. आठ दिवस आरशापुढे पाठ केलं. परवा उभा राहिलो. पंखा फिरत होता, अठरा पोरं बघत होती, आणि तिचं नाव काही तोंडातून निघेना. वर्षाराणी मागून हळूच म्हणाली, "आजोबा, लग्नात घेतलं होतं की नाही? तसं घ्या." मामा, मला दुसरी पद्धतच माहीत नव्हती. मी हात जोडले आणि म्हणालो,

ट्वायलाइटला वळल्या गाई, डस्कला लावला दिवा,
केवळाबाईचं नाव घेतो, सर्टिफिकेटचा मान तिलाच हवा.

पोरांनी बाकं वाजवली. पुढची तीन मिनिटं मी इंग्रजीत काय बोललो ते मला कळलं नाही. मॅडमनाही कळलं नसावं, कारण त्या खिडकीबाहेर बघून डोळे पुसत होत्या. तिच्या नावाचं सर्टिफिकेट मिळालं. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
रामलिंग

ता. क. सर्टिफिकेट भिंतीला लावलं. खिळा वाकडा गेलाय, पण लांबून दिसत नाही.

ता. क. दुसरा. पत्र लिहायला घेतलं ते खरं तर एवढ्याचसाठी. तिला इंग्रजी कशाला शिकायचं होतं? क्लासमधली पोरं विचारतात, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. तिने मला सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. पंचमीला माहेरी आली होती तेव्हा तुमच्याजवळ काही बोलली असेल तर कळवा. फोन करू नका, लिहूनच कळवा. फोनवर मला लगेच बोलता यायचं नाही.