येथे सन्माननीय सदस्य काहीतरी बोलले

तीर्थस्वरूप सेइनीआत्यास,

तेलेसियाचा खाली चटईवर बसून नमस्कार. (खरं सांगायचं तर मी खुर्चीवर बसले आहे, कारण सातव्या महिन्यात चटईवरून उठायचं म्हणजे नवऱ्याला, सोआकाईला, हाक मारावी लागते, आणि तो मासे आणायला गेला आहे. म्हणून हे पत्र वाचताना तुम्ही कृपा करून पलंगावर बसा, म्हणजे माझं डोकं तुमच्यापेक्षा खालीच राहील.)

तुमचा गुडघा कसा आहे? डुकरीण व्याली का? चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला तुम्ही जात नाही असं कळलं, ते गुडघ्यामुळे की नव्या मास्तरांमुळे? कोनफळांचं पोतं बोटीने नीट पोचलं. सोआकाई म्हणतो, आत्यांच्या बेटावरची कोनफळं खाल्ली की इथली तोंडात धरवत नाहीत. (इथली त्याच्या आईने पाठवलेली असतात, तेव्हा हे वाक्य तुमच्यातच ठेवा.)

आत्या, शाळेत जायच्या आधी मला तुम्ही शिकवलंत. तुमच्या ओसरीवर एका दुपारी तुम्ही दोन धडे दिलेत: जे ऐकशील तेच लिहायचं, आणि जे मुलीने ऐकायचं नाही ते ऐकायचं नाही. पहिल्या धड्यामुळे मला सभागृहात भाषणं उतरवून घेण्याचं काम मिळालं. दुसऱ्यामुळे ते जाईल की काय, अशी भीती आता वाटते. दोन्ही धडे परवा एकाच टेबलावर येऊन आपटले, आणि टेबल माझं होतं.

झालं असं. सुईणींचं आणि रजेचं ते विधेयक, ज्याच्याबद्दल तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, ते चर्चेला आलं. पहिला भाग दवाखान्यांचा: प्रत्येक बेटावर एक शिकलेली सुईण ठेवायची, म्हणजे बायकांना दिवस भरत आले असताना बोटीत ओकत राजधानीपर्यंत यायला नको. तो भाग सेलाताईंनी मांडला. त्या निवृत्त नर्स, म्हणून चांगलं खणखणीत बोलल्या आणि तो मंजूर झाला. हे नक्की, कारण ते मी ऐकलं आणि लिहिलं. तुमच्याकडे सुईण येणार आत्या! (इथे मी उद्गारचिन्ह टाकलं आहे. नोंदीत टाकलं नाही. नोंद घेणाऱ्याने आनंदी असायचं नसतं.)

दुसरा भाग रजेचा. आईला तीन महिने, बापाला पंधरा दिवस. तो मांडणार होता आपला लिसियाते. आणि माझं सगळं अडकलं आहे ते याच भागातल्या एका कलमात: माझ्यासारख्या रोजंदारीवरच्या बायकांना ही रजा आहे की नाही. असेल तर मी तुमच्याकडे येऊन बाळंत होईन आणि परत येऊन माझ्या टेबलाशी बसेन. नसेल तर उठले त्या दिवशी टेबल दुसऱ्याचं.

लिसियाते उठला. कमरेला गुंडाळलेली मानाची चटई नीट केली, घसा साफ केला, "सभापती महाराज, जेव्हा एखादी स्त्री" एवढं म्हणाला आणि त्याची नजर खाली माझ्यावर गेली. माझी त्याच्यावर गेली. माझ्या पोटावर कोणाचीच गेली नाही, पण ते तिथे होतं. तो म्हणाला, "जेव्हा एखादी स्त्री... अं... कामावर येत नाही," आणि बसला. सभागृहात टाचणी पडली असती तर मी तीही लिहिली असती.

परदेशातून आलेले कायद्याचे सल्लागार माझ्या शेजारी असतात, ते खुणेने विचारायला लागले की काय झालं. मी चिठ्ठीवर लिहून दिलं की ते माझे बंधू आहेत, आणि बहीण समोर असताना भावाने बाळंतपण, पोट, दूध असले विषय काढायचे नसतात. त्यांनी लिहिलं, सख्खे? मी लिहिलं, चुलत, पण आमच्यात सख्खं-चुलत-मामे-आते सगळे भाऊच. त्यांनी लिहिलं, मग तुम्हाला भाऊ किती? मी लिहिलं, मोजले नाहीत. ते बिचारे सभागृहभर नजर फिरवत राहिले. त्यांनीच हा मसुदा केला आहे आणि त्यात सगळं आहे, फक्त तो मोठ्याने वाचायचा कसा ते नाही.

सभापतींनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. माझ्या जागी कोण लिहिणार? दुसरा लेखनिक बायकोच्या चुलत्याच्या मयताला गेला आहे आणि ते मयत अजून संपलेलं नाही. म्हणून सचिव स्वतः कचेरीतून येऊन पेन घेऊन बसले. लगेच सेलाताई उठून म्हणाल्या, "सभापती महाराज, मला बापांच्या रजेवर बोलायचंय, पण हा माझा मामेभाऊ इथे बसलाय. मी काय हवापाण्यावर बोलू?" सचिव लाजून पेन माझ्या हातात कोंबून बाहेर. मी आत. लिसियाते उभा होता तो पुन्हा बसला.

मग कोपऱ्यातले म्हातारे सरदार जागे झाले आणि त्यांनी तोडगा काढला, की पोरीला दिसू नये अशी बसवा. भिंतीवरचं तुतीच्या सालीचं नक्षीचं मोठं कापड उतरवलं आणि माझ्या टेबलासमोर दोरीवर टांगलं. आता मी दिसत नव्हते, तेव्हा मी नाही असं सर्वांनी धरलं. सेलाताई कडाडल्या. सरदार म्हणाले, "बाप पंधरा दिवस घरात बसून करणार काय?" त्यावर सेलाताई म्हणाल्या, "तुम्ही बसला असतात तर आठही पोरांची नावं एका दमात सांगता आली असती, काका." सगळे हसले. (सरदारांनी नावं सांगायला घेतली, सहाव्यावर अडकले. "अडकले" हे मी नोंदीत घेतलं नाही.)

आणि मग लिसियातेचा आवाज आला. कापडापलीकडून, मोकळा, मोठा. "जेव्हा एखादी स्त्री गरोदर..." आत्या, माझे हात आपोआप कानांवर गेले. मी नाही असं त्यांनी धरलं होतं, पण मी होते ना! मी नाही असं त्याने विश्वासाने धरलं होतं, मग मी चोरून कसं ऐकायचं? तो बराच वेळ बोलला असावा. त्यात त्याने ते रोजंदारीचं कलम उभ्या उभ्या बदललं, असं नंतर कळलं. टाळ्या झाल्या. (कानांवर हात असताना कसं कळलं म्हणाल, तर फरशी पायांना जाणवते.) मग मतदान, मग मंजूर. माझ्या नोंदीत त्या सगळ्या वेळाचं एवढंच आहे: "येथे सन्माननीय सदस्य काहीतरी बोलले. टाळ्या." "जोरदार टाळ्या" लिहावं का, यावर मी रात्रभर तळमळले.

आता प्रत्येकाला विचारते आहे. एकजण म्हणतात, रोजंदारीवाल्या रजेत आल्या. दुसरे म्हणतात, गेल्या. सरदार म्हणतात, आत्यांनाही रजा मिळाली. पण ते त्यांनी स्वप्नात मंजूर केलेलं असू शकतं. आवाज भरून घेणाऱ्या यंत्रात सगळं भरलेलं आहे, पण त्यात लिसियाते आहे म्हणून मी ऐकू शकत नाही, सेलाताई आहेत म्हणून सचिव ऐकू शकत नाहीत, आणि सल्लागार ऐकू शकतात त्यांना आपली भाषा येत नाही. लिसियाते त्याच संध्याकाळी बोटीने पार उत्तरेच्या बेटांवर गेला, तिथे फोन लागत नाही. सचिव म्हणतात, "तेलेसिया, तू लिहिशील तोच कायदा." आत्या, मला कायदा करायचा नाही हो, मला फक्त तो उतरवून घ्यायचा आहे. "आल्या" लिहिलं तर माझा फायदा, म्हणून पेन खाली ठेवते. "गेल्या" लिहिलं तर सगळ्या रोजंदारीवाल्या बायकांचं नुकसान, म्हणूनही खाली ठेवते.

बाकी सर्व क्षेम. डुकरिणीचं कळवा.

तुमची,
तेलेसिया

ता. क. विचारायचं राहिलंच. सभागृहाचं कामकाज रेडिओवर लागतं, आणि तुम्ही ते चुकवत नाही. तुमच्यापुढे उभं राहून लिसियाते असलं बोलायची छाती करणार नाही, पण रेडिओला ते कुठे माहीत? तो नेमकं काय बोलला, ते जसंच्या तसं लिहून पहिल्या विमानाने पाठवाल का? तुमच्या कानांच्या भरवशावर सही करायला मी तयार आहे.

ता. क. आत्ता लक्षात आलं, बाबा परवा तुमच्याकडेच होते. म्हणजे भाऊ-बहीण एका रेडिओपाशी. म्हणजे "गरोदर" ऐकल्यावर कोणीतरी एकजण उठून गेलं असणार. तुम्ही मानाने मोठ्या, तेव्हा उठायचं बाबांनी. ते उठले ना? की दोघांनी मिळून रेडिओच बंद केला? दुसरं असेल तर मला कळवू नका. थोडे दिवस आशेवर राहू द्या.

ता. क. पाकीट चिकटवताना लिसियातेची बायको लाविनिया येऊन गेली. अळूच्या पानांत मांस गुंडाळून शिजवलेलं लू आणि एक भलीमोठी उशी घेऊन. म्हणाली, "तुझ्या भावाने निघताना सांगितलंय, तेलेसियाच्या खुर्चीला कोणी हात लावायचा नाही, आणि बोटीत तिला ही पाठीशी द्या." मी विचारलं, म्हणजे कलम आलं का? ती म्हणाली, "मला काय ठाऊक? तो बायकोला कायदा सांगत नाही आणि बहिणीला बाकीचं." आता खुर्ची ठेवली ती कायद्याने की भावाने, हे उशीवरून कळत नाही, आणि उशी नोंदीत घेता येत नाही. तेव्हा तुमचं उत्तर मला हवंच आहे. पण बोटीत जागा मात्र मी आजच धरली. मी आले की पलंग मला लागेल, आत्या. तुमच्यापेक्षा उंच बसण्याची परवानगी आत्ताच मागून ठेवते.