रोपांना हात लावू नये

४ ऑक्टोबर

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने बाबांची चाकाची खुर्ची सामानाच्या वर उलटी बांधली होती. तिची चाकं वाऱ्याने फिरत होती आणि बाबा पुढच्या सीटवरून म्हणत होते, की ती आपल्याआधी पोचून घर बळकावणार. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन चौदा महिने झाले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, शब्द जड झाले, पण माणसाची खोड काही गेली नाही.

घर मला फार आवडलं. दोन खोल्या, आणि उंबरा नाही, त्यामुळे खुर्ची सरळ आत जाते. मागच्या खिडकीतून नर्सरी दिसते, तिच्यामागे वाळूची लांबलचक टेकडी, आणि टेकडीपलीकडचा समुद्र नुसता ऐकू येतो. गेल्या वर्षीच्या वादळाने निम्मी टेकडी खाल्ली. ती पुन्हा उभी राहायची तर तिच्यावर इथलंच गवत आणि इथलीच मर्यादवेल लावायला हवी, म्हणजे मुळं वाळू धरून ठेवतात. आठ हजार रोपं पुरवायची आहेत आणि ती वाढवायचं काम माझं. सहा वर्षं मी कचेऱ्यांना शोभेच्या कुंड्या पुरवल्या. त्या मेल्या तरी कोणाला पत्ता नसायचा. इथे रोपं जगली तर टेकडीमागची घरं वाचणार आहेत. खोटं कशाला बोलू, आज मला स्वतःचा जरा अभिमान वाटला.

६ ऑक्टोबर

नर्सरीच्या मालकीणबाई मोजकं बोलतात. त्यांच्याहून मोजकं बोलणारे म्हणजे इथले जुने कामगार मिठूकाका. रोपांना खाऱ्या वाऱ्याची सवय व्हावी म्हणून ते रोज मिठाचं पाणी फवारतात, त्यावरून हे नाव. पोपटासारखे बोलत असते तर माझा वेळ तरी गेला असता.

काम समजून घेतलं. बी याच किनाऱ्याचं हवं, बाहेरचं आणलेलं इथे टिकत नाही. ट्रेमध्ये निम्मी वाळू. रोपं वीतभर झाली की सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावरून कापड गुंडाळलेली काठी वीस वेळा फिरवायची, केसांतून कंगवा फिरवावा तशी. रोपांना वाटतं वारा आहे, आणि ती जाड, कणखर होतात. काठी दर आठवड्याला बदलायची, जुनी जाळून टाकायची. आणि रोपाला उघडा हात लावायचा नाही, कधीच नाही. मालकीणबाई म्हणाल्या, हाताने रोग पसरतो. त्या गेल्यावर मिठूकाका म्हणाले, की रोपांना हात कळू द्यायचा नसतो. मी हो म्हटलं. म्हातारी माणसं आपली काहीतरी म्हणत असतात.

१२ ऑक्टोबर

बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून फेकला, तोही डाव्या हाताने. चाळीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांचे कपडे बेतले, काजं केली. आता त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावते, तेव्हा ते डोळे मिटून घेतात. मला ते बघवत नाही.

आज त्यांना शेवटच्या वाफ्यापाशी नेलं आणि काठी हातात दिली. बोटं मिटेनात, काठी पडली. तीनदा पडली. मग मी विचार केला, भीती रोगाचीच आहे ना, मग हात साबणाने धुतले की झालं. दोनदा घासून धुतले आणि त्यांचा उजवा हात उचलून रोपांवर ठेवला. कापडाचा पोत बघावा तसे ते पात्यांवरून हळूहळू हात ओढत राहिले. म्हणाले, माल चांगला आहे. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कशाचं तरी कौतुक वाटलं. मालकीणबाईंच्या कानावर घालायची काही गरज नाही.

२१ ऑक्टोबर

करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. संध्याकाळी बाबांनी उजव्या हाताने चहाचा कप धरला, अर्धा सांडला, आणि मी फरशी पुसता पुसता रडले. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. आता रोज दोन तास बाबा वाफ्यावर असतात, गवतावरूनही आणि वेलीच्या कोंबांवरूनही हात फिरवतात. मिठूकाका दुरून येताना दिसले की मी काठी बाबांच्या मांडीवर ठेवते.

२ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात पहिली दोन हजार रोपं टेकडीवर लागली. त्यांतली सहाशे बाबांच्या हातची. लागवडीचा मुकादम आज मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, बाकीची अजून माना टाकून आहेत आणि तेवढ्या सहा ओळी जन्मल्यापासून तिथेच असल्यासारख्या उभ्या आहेत, एक रोप ओढून बघितलं तर हलेना. औषध कुठलं घातलं, असं विचारत होता. मी म्हटलं, घरगुती आहे.

रात्रीच्या जेवणात बाबांनी स्वतःच्या हाताने घास घेतला. मला आज आणखी काही नको.

५ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे उद्या हसता येईल. वारा सकाळपासून समुद्राकडे चालला होता. सगळं गवत तिकडे वाकलेलं. त्या सहा ओळी मात्र वाऱ्याच्या उलट, आमच्या खिडकीकडे. बाबा खिडकीत बसले होते.

मी बाबांना नर्सरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, ऑफिसच्या पडवीत. पाणी आणायचं निमित्त करून टेकडीवर जाऊन आले. पाती पडवीकडे वळलेली होती. मग बाबांना घरी आणलं आणि खिडकी लावून घेतली.

७ नोव्हेंबर

बाबांच्या अंथरुणात वाळू. झाडली. दुपारी पुन्हा तेवढीच. पलंग सरकवला, तर फरशीच्या सांध्यातून पांढरं मूळ वर आलेलं, दोऱ्याएवढं बारीक. भिंत सोडून, पलंगाचा पाय सोडून, सरळ गादीकडे—

मिठूकाकांना बोलावून सगळं कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, किती रोपं. मग म्हणाले, मालकीणबाईंचे यजमानही रोपांवरून हातच फिरवायचे, काठीने शेंडे मोडतात म्हणून. ते आता कुठे असतात, असं मी विचारलं. काकांनी टेकडीकडे बोट केलं. हे गवत वाळू धरतं, म्हणाले, आणि ज्याचा हात कळला त्यालाही धरतं. सहाशेच्या सहाशे उपटून जाळ, पोरी.

मला भीती वाटते आहे. साधी, लहानपणीसारखी भीती.

८ नोव्हेंबर

सकाळी हातमोजे घालून गेले. चाळीस उपटली. घरी डोकावले तर बाबांची करंगळी मिटलेली. योगायोग म्हटलं. दुपारपर्यंत दोनशे झाली. बाबांचं तोंड वाकडं झालेलं, श्वास घरघरत होता, मला हाक मारायला गेले आणि नुसता आवाज आला.

धावत परत. ढिगातली रोपं एकेक लावली. मोजे कुठे पडले कळलं नाही. उघड्या हातांनी प्रत्येक मूळ दाबत होते आणि म्हणत होते, जग, जग.

पाच वाजता बाबांनी मला हाक मारली. स्वच्छ, पूर्वीसारखी.

९ नोव्हेंबर

दगडाखाली हात सापडलाय. उपटावीत तर बाबा जातात. ठेवावीत तर—

गाडी बोलावली होती. वळणापर्यंत पोचलो नाही, बाबांचा श्वास अडकायला लागला. परत आलो. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. माझ्या हातांकडे बघून आत निघून गेल्या.

बाबा आज उभे राहिले. आधाराशिवाय. खिडकीशी.

आनंद व्हायला हवा होता.

१० नोव्हेंबर, भर दुपार

खुर्ची रिकामी. वाळूत पावलं, दोन्ही पायांची, सरळ टेकडीपर्यंत.

बाबा ओळींच्या मधे बसलेत. कमरेपर्यंत आत. लख्ख ऊन आहे. म्हणतात, बस जरा, घाई कसली.

मिठूकाका कुंपणापाशीच थांबले. तिथूनच माणसं आणायला गेलेत.

मी उकरत होते. पायजम्यातून मुळं आरपार गेलीत, टाके घातल्यासारखी. एक तोडलं. बाबा असे कळवळले की— नाही तोडत.

डावा हात खोल घातला, त्यांच्या गुडघ्यापर्यंत. तिथे त्यांनी माझं मनगट धरलं. केवढी ताकद आलीय. हात निघत नाही, म्हणून बसून लिहितेय, वही मांडीवर. लिहिलं की धीर राहतो. माणसं येतील.

बाबांना म्हटलं, सोडा जरा, हात दुखतोय.

ते म्हणाले, कोणी धरलंय तुला?

वर बघितलं. ते गवतावरून हात फिरवतायत. दोन्ही हात. दोन्ही वर आहेत, उन्हात. मग खाली माझं मनग—