कपडेपटातली धूळ

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. नाट्यगृहाच्या माळ्यावर आमच्या कपडेपटात पारव्यांनी उच्छाद मांडलाय. राजाच्या अंगरख्यावर विष्ठेचे थर! मी ते खरवडते आणि ती वाळकी भुकटी नाकातोंडात जाते. किळस येते गं. त्यात कितीतरी दिवस डोकं ठणकतंय, अंगात कणकण आहे. मालकांच्या मते हा कामाचा कंटाळा. माझा ल्यूपसचा आजार पुन्हा उठला असेल का? तू औषधाच्या दुकानात बसतेस, तूच सांग.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुसरं काय असणार? तुझं शरीर स्वतःवरच उठतं, हे का आज नवीन आहे? मागे सांधे धरले तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइड दुप्पट केलं होतं, आताही तेच कर. त्यासाठी दवाखान्यात ताटकळायला नको. आणि मालकांना म्हणावं, स्वतः झटका अंगरखे. शी! वाचूनच आंघोळ करावीशी वाटली.

बरी होऊन भांडायला ये.

तुझी,
मावशी

दि. २४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गोळ्या वाढवल्यावर दोन-तीन दिवस बरं वाटलं. मग ओकाऱ्या, आणि मान वळेना. आता इस्पितळात आहे. पाठीतून पाणी काढलं, त्यात बुरशी निघाली. डॉक्टर म्हणतात, बहुतेक पारव्यांच्या विष्ठेतली. श्वासातून शिरली आणि मेंदूपर्यंत गेली. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. माझी प्रतिकारशक्ती औषधांनी आधीच दबलेली, त्यात जास्तीच्या गोळ्यांनी बुरशीला रान मोकळं मिळालं. विसरलेल्या पावावर धरते तसली बुरशी माझ्या डोक्यात! स्वतःचीच शिसारी येते. सलाइन लावलं की हुडहुडी भरते. एकाचे दोन दिसतात. नजर सुधारेल की नाही, जिवाचा धोका टळला की नाही, कुणी नीट सांगत नाही.

डोस कुणी वाढवला, असं डॉक्टरांनी आईसमोर विचारलं. मीच आगाऊपणा केला, असं मी सांगितलं. हे पत्र फाडून टाक.

होतीस तशीच माझी राहा.

भिंगरी

दि. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र फाडलं नाही. ताईला फोन करून सगळं खरं सांगितलं. ऐकून तिनं फोन ठेवून दिला. गिऱ्हाइकाला गोळ्या देताना मला माझ्याच हातांची किळस येते.

गुरुवारी येते. औषधाबद्दल चकार शब्द काढणार नाही. तुला दोन मावश्या दिसतील. त्यातल्या एकीला तरी माफ कर.

तुझी,
मावशी