झाकणावरचं तुमचं नाव

प्रिय साडूभाऊ,

मायना काय लिहावा यावरच बराच वेळ अडलो. नातं बरोबरीचं, पण मान थोरल्या जावयाचा, तेव्हा दुरूनच हात जोडतो आणि सुरुवात करतो. तुमची तब्येत ठणठणीत असणारच (तुमची कधी बिघडल्याचं ऐकिवात नाही, हेही माझ्या मनात आहेच), तरी विचारतो. ताईंचा गुडघा आता कसा आहे? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, फक्त माझ्या उजव्या हाताची बोटं वापरण्याजोगी नाहीत. अक्षर असं का आलंय ते त्यावरून समजून घ्या.

आडपडदा न ठेवता सांगतो, मला तुमचा हेवा वाटतो. आज नाही, लग्न झाल्यापासून वाटतो. तुमच्या नव्या गॅस ग्रिलच्या उद्घाटनाला आपण सगळे तुमच्या अंगणात जमलो होतो, तेव्हा तो अगदी गळ्याशी आला. तुम्ही बटण फिरवलंत, ज्योत भप्पकन लागली आणि आपल्या सासऱ्यांनी तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘जमलंय.’ बॉयलर तपासण्यात जन्म गेलेला माणूस तो. कौतुकाचा एवढाच एक शब्द त्यांच्यापाशी आहे आणि तोही ते जपून वापरतात. मला तो अजून मिळालेला नाही. मी घर बांधलं तेव्हा त्यांनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि चहा मागितला. तुम्ही विकत आणलेल्या वस्तूचं नुसतं बटण फिरवता आणि जमलंय! त्या दिवशी तुमच्याकडचं कणीस माझ्या घशाखाली उतरलं नाही, ते मीठ कमी होतं म्हणून नव्हे.

शिवाय निघताना तुम्ही तुमचं जुनं गंजकं ग्रिल माझ्या गाडीत चढवलंत. कुंड्या ठेवायला बरं पडेल, म्हणालात. आमची ही लगेच, ‘भाऊजींचं मन किती मोठं,’ म्हणून मोकळी झाली. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं की यात कुंडी जाणार नाही. हेच ग्रिल नव्यासारखं करायचं, सासऱ्यांना जेवायला बोलवायचं आणि तो एक शब्द त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा.

साडूभाऊ, गंज काय चीज आहे हे तुमच्यासारख्या नवं घेणाऱ्या माणसाला कळायचं नाही. मागच्या ओट्यावर बसून मी तारेच्या ब्रशनं घासत होतो आणि लाल भुकटी वाळत घातलेल्या चादरींवर बसत होती (त्या चादरींबद्दल ताईंना इत्थंभूत कळलं असेलच). जाळ्या व्हिनेगरमध्ये बुडवायच्या असतात असं कुणीतरी सांगितलं. तेवढं मोठं भांडं घरात नव्हतं, म्हणून त्या न्हाणीघरातल्या टबात बुडवल्या. दोन दिवस आमच्या घरातली माणसं लोणच्यासारखी वास मारत कामाला गेली. बर्नरच्या भोकांत कोळ्यांनी संसार थाटले होते. एकेक भोक हिच्या सेफ्टी पिनेनं मोकळं केलं, तेही पिन हलक्या हातानं धरून, कारण भोक मोठं झालं की ज्योत बिघडते असं मी वाचलं होतं. बोटांची चाळण झाली ती तिथे. (जाता जाता एक विचारतो. डाव्या बर्नरच्या नळीत कारखान्यातून आलेला पुठ्ठा तसाच होता. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही अर्ध्या आगीवर वाहवा मिळवत होतात? मी कुणाला बोललो नाही. हिला बोललो, पण ती कुणाला सांगणार नाही म्हणाली.)

आता मूळ दुखण्याकडे येतो. वरचं झाकण स्टीलचं. त्यावरचा मेणचट काळा थर निघाला आणि खालून तुमचं नाव वर आलं. डब्याभांड्यांवर घालतात तसं तुम्ही ते पुढच्या कडेवर मशीननं कोरून घेतलं होतं, आडनावासकट. ग्रिल पळवून कोण नेणार होतं, साडूभाऊ? मी ते घासलं, तर आणखी उजळलं. बारीक पॉलिश पेपर मारला, तर चमकायलाच लागलं. शेवटी चिडून त्यावर भट्टीला देतात तो काळा रंग फासला. हिनं पाहिलं आणि स्टीलवर कुठे रंग देतात का म्हणून मला वेड्यात काढलं, तेव्हा घाईघाईनं पुसून काढला. वरचा रंग गेला, कोरलेल्या रेघांतला आतच राहिला. आता तुमचं नाव चकचकीत झाकणावर काळ्या ठसठशीत अक्षरांत, रस्त्यावरून वाचता येतं. दुकानाच्या पाटीचंसुद्धा एवढं नेमकं काम कुणी करून देणार नाही.

गेल्या रविवारी सासरे आले. मी नळीला साबणाचं पाणी लावून गळती नाही ना ते त्यांच्यादेखतच तपासलं आणि बटण फिरवलं. दोन्ही बर्नर सारखे पेटले, ज्योत निळी, कुठे पिवळी जीभ नाही. सासरे वाकले, ज्योतीकडे पाहिलं, झाकणाखालून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा लावला, झाकणावरचं तुमचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, ‘थोरल्यानं वस्तू पारखून घेतली होती.’ नंतर पाच कणसं खाल्ली. मी फक्त वाढत होतो.

ताईंना नमस्कार सांगा. तुम्हालाही आहेच, जरा दातओठ खाऊन.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पत्राचं खरं कारण आता सांगतो. सासऱ्यांना फोन करून एवढंच कळवा की ते ग्रिल तुम्ही भंगार म्हणून दिलं होतं. पुठ्ठ्याचं सांगितलं नाही तरी चालेल.

ता. क. २. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, एवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. मी हात धूत होतो, म्हणून हिनं घेतला. हिचं म्हणणं असं की ते म्हणाले, बर्नरचं एकही भोक मोठं झालेलं नाही, धाकट्याला जमलंय. शिवाय तुमच्या नव्या ग्रिलच्या पायांवर रंगाखाली गंज धरतोय, तो धाकट्यानं जाऊन बघावा, असंही. तेव्हा वर सांगितलेला फोन करू नका. या रविवारी मीच येतो. ब्रश आणि पिना माझ्या आणतो.

ता. क. ३. फोन ठेवल्यावर ही माझ्या बोटांना मलम लावत बसली होती आणि जरा जास्तच गोड बोलत होती. ‘जमलंय’ खरंच त्यांनी म्हटलं की हिनं पदरचं घातलं, हे मला कळायला मार्ग नाही. तुमचं त्यांच्याशी चांगलं जमतं. तेवढं रविवारच्या आत हळूच काढून घ्या. म्हटलं नसेल, तर मला कळवू नका.