ब्रश नंबर चौदा

२ मार्च
नोकरी लागली! फोटो स्टुडिओत रिटचिंगची, म्हणजे कॉम्प्युटरवर फोटोतले डाग पुसायची. खोली बारकी, पण खुर्ची फिरती आणि खिडकी माझी एकटीची. मालकांची शिकवायची तऱ्हा न्यारी: दर सोमवारी ते माझाच फोटो काढणार आणि मी माझाच चेहरा साफ करायचा. आधी आपलं घर झाडा, मग लोकांचं, म्हणाले. जबड्यावरचा जन्माचा तीळ सहा नंबरच्या गोल ब्रशने एका टिचकीत गेला. ताईला फोटो दाखवला, तर म्हणाली, आता तुला ओळखणार कोण.

२० एप्रिल
हात बसलाय. तिळाला आज नऊ नंबरचा, मोठा ब्रश लागला. मालक म्हणाले, कॅमेरा जवळ आला असेल. असेल.

८ जून
अकरा नंबर, तरी कड बाहेर राहते. हा एकाच अंगाने पसरलाय, सांडलेल्या शाईसारखा. तपकिरी होता, आता मधे काळा आणि टोकाला निळसर. दिवसभर लोकांचे चेहरे मोठे करून बघते मी. साधे तीळ असे नसतात. मालकांना सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "पुसून टाक की," म्हणाले.

आणि मी पुसला. अक्कल गहाण ठेवली होती.

२७ जुलै
चौदा. खाज सुटते, उशीवर रक्ताचा ठिपका. ताईने ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, कधीपासून बदलतोय, जुने फोटो आहेत का. मी, गाढव, अभिमानाने सगळे सोमवार पुढे ठेवले.

त्यांनी एकेक उलटून बघितला. "यात तीळच नाहीये," म्हणाल्या.

मूळ फोटो मागायला गेले. जागा अडते म्हणून मालक ते दर आठवड्याला उडवतात. वर मलाच विचारतात, डाग कशाला जपायचे? तोंडात आलं ते इथे लिहीत नाही. शेवटी ही वहीच डॉक्टरीणबाईंना दाखवली. सहा, नऊ, अकरा, चौदा. त्यांनी तारखा उतरवून घेतल्या. तीळ परवाच काढायचा म्हणाल्या.

३० जुलै
काल काढला. तुकडा कॅन्सरच्या तपासणीला गेलाय. मालकांचा निरोप — पट्टी निघाली की ये, सोमवारचा फोटो राहील. निर्लज्ज माणूस. पण ब्रश कुणाच्या हातात होता? दर वेळी नंबर वर मीच — मीच नेला. त्यांच्या तोंडावर थुंकावं, तर आधी आरशात —

४ ऑगस्ट
रिपोर्ट उद्या. मान पुसताना जबड्याखाली बोटाला लागलं. वाटाण्याएवढी गाठ. दुखत नाही. हलत नाही. ताईला अजून सांगितलं नाही —

परत चाचपलं. आहे.

या मालक, काढा आता फोटो. हे कातडीवर नाही, आत आहे, तुमच्या कॅमेऱ्याच्या बापाला दिसणार नाही. आणि त्याच्या खाली, मानेकडे, अजून एक —