तळ्याकाठची म्हैस

३ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून फोटोग्राफी. हौस म्हणून नाही, फाइन आर्ट. दोन्हींत फरक असतो असं वाचनालयातल्या पुस्तकात दिलंय आणि मला तो पहिल्याच पानावर पटला. ह्यांचा कॅमेरा दीड वर्ष कपाटात साड्यांखाली होता. बॅटरी चार्ज केली, चालू झाला. मी रडले वगैरे नाही. फक्त दूध उतू गेलं.
मालिकेचं नाव ठरलं: 'खरं आणि खोटं'. सहा फोटो खऱ्या निसर्गाचे आणि सहा म्युझियममधल्या काचेच्या पेटीतल्या निसर्गाचे. पेंढा भरलेला प्राणी, मागे रंगवलेला डोंगर, खाली प्लॅस्टरची जमीन. याला डायोरामा म्हणतात. बघणाऱ्याला खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते कळता कामा नये. मला अर्थात एका नजरेत कळतं.
संकल्प: रोज एक तास सराव. कुणाचं मत विचारायचं नाही.

५ ऑगस्ट, दुपारी
सराव झाला नाही. ह्यांचे कार्डातले जुने फोटो बघत बसले. गच्चीवरची कबुतरं, संचिताचं लग्न, मी पाठमोरी, मी पुन्हा पाठमोरी. आणि सगळ्यात शेवटी एक डोंगर.
मी हा डोंगर कधी पाहिलेला नाही. तांबडी माती, दाट जंगल, झाडं सगळी एका बाजूला झुकलेली, म्हणजे वारा जबरदस्त असणार. पायथ्याशी निळंशार गोल तळं. तळ्याकाठी एक काळी म्हैस बसली आहे. मागे स्वच्छ फिकट निळं आकाश, त्यात एक बारीक काळी रेघ. विजेची तार असावी. असं आकाश डोंबिवलीत नसतं.
तारीख १० नोव्हेंबर २०२३, सायंकाळी ५.१२.
त्या दिवशी धनत्रयोदशी होती. मी चकल्या तळत होते. चार वाजता हे म्हणाले, "जरा खाली जाऊन येतो." आले साडेसातला. गुडघ्यांना माती, कॅमेरा शर्टाखाली. मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीये हे त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती. त्यांना कळलं नाही.
म्हणजे पस्तीस वर्षांच्या संसारानंतर हा माणूस मला न सांगता डोंगरावर गेला. पुढे चारच महिने उरले होते. दवाखान्यात रात्रंदिवस शेजारी बसले होते मी. तेव्हाही सांगितलं नाही.
संकल्प: ही जागा शोधायची. रागापोटी नाही. मालिकेसाठी हवी आहे.

१० ऑगस्ट, रविवार
ठाण्याला ऋतुराज सरांच्या क्लासला नाव घातलं. वयाने लेकासारखे, पण 'सर' म्हणायची पद्धत आहे. रिक्षातून काढलेले माझे चार फोटो बघून म्हणाले, "काकू, तुम्ही थरथरताय की रिक्षा?" मग तो डोंगर दाखवला. सरांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. वर्गात फिरवला. म्हणाले, "ही नजर आहे बघा. कुणाची?" मी म्हटलं, घरातलीच.
नोव्हेंबरात ठाण्यात प्रदर्शन आहे. ह्यांच्या नावानेही फोटो देता येईल. फॉर्म १२ ऑक्टोबरपर्यंत. अट एकच: निसर्गाच्या फोटोला ठिकाण लिहायलाच हवं, नाहीतर घेत नाहीत.
ह्यांचं नाव एकदा भिंतीवर लागावं असं काही मला वाटत नाही. पण अट आहे म्हटल्यावर ठिकाण शोधणं भाग आहे.
येताना माजिवड्याला संचिताकडे जेवले. तिला फोटो न दाखवताच सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, बाबा दर दिवाळीला पोरांच्या किल्ल्यात लुडबुडायचे. तिथेच असतील की." बासष्टाव्या वर्षी तीन तास चिखलात कोण बसतं? पोरगी हुशार आहे, पण फोटोग्राफीतलं तिला कळत नाही.

१३ ऑगस्ट
नकाशा आणला. चार ते पाच बारा, म्हणजे एक तास बारा मिनिटं. तेवढ्यात डोंबिवलीहून पोचता येईल अशा प्रत्येक डोंगराभोवती पेन्सिलीने गोल केला. नऊ गोल झाले. पद्धतशीर काम केलं की माणसाला शांत वाटतं. मला वाटलं नाही.

१६ ऑगस्ट
गोदूबाई दहाला उगवली. दिव्याला, तिच्या चाळीत, पाणी आलं नव्हतं म्हणे. ते रोजचंच आहे. भांडी घासता घासता टेबलावरच्या कॅमेऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "बाई, हे तर आपलं..." मी कॅमेरा उचलला. हात ओले होते तिचे. शिवाय तिला वाटलं असणार, तिच्या गावचा डोंगर. प्रत्येकाला आपलंच गाव दिसतं.
पोहे खायला माझी छोटी ताटली शोधली आणि मग आठवलं, ती नाहीच. आईने लग्नात दिलेली स्टीलची ताटली. काठावर नाव घातलेलं: 'चि. सौ. कां. जयास आईकडून'. त्याच दिवाळीत गेली. गोदूबाईला परत एकदा विचारलं. परत म्हणाली, "मी न्हाय घेतली. साहेबांना इचारायला पायजे होतं." गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार
आज खोट्याची बाजू. ठाण्याला एका जुन्या कॉलेजात म्युझियम आहे, सरांनी सांगितलेलं. बिबट्या, रानडुक्कर, दोन घारी आणि एक मोठी पेटी मिठागराची: वाफे, मिठाच्या राशी, टोपली घेतलेली बाई.
छप्पन्न फोटो काढले. घरी येऊन बघते तर छप्पन्नच्या छप्पन्न फोटोंत मी. बिबट्याच्या पोटात माझा पिवळा ड्रेस. मिठाच्या राशीवर माझा चष्मा. काच इतकी वाईट आहे की कॉलेजला पत्र लिहावं म्हणते.
तिथला वॉचमन जगन मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "मावशी, तुमी जरा बाजूला झाल्याव तं बिबट्या दिसंल." याला काय कळतं? मी बाजूला झाले तर फोटो काढणार कोण?

३१ ऑगस्ट, रविवार
मोहीम. पहिला गोल. रिक्षा ठरवून घड्याळ लावून निघाले. एक तास बारा मिनिटं झाली तेव्हा आम्ही शीळफाट्याला एका कंटेनरच्या मागे उभे होतो. पुढचा अर्धा तासही तिथेच. रिक्षावाल्याला फोटो दाखवला. म्हणाला, "आंटी, एवढं मोकळं रान इथे असतं तर बिल्डरने सोडलं असतं का?"
नऊपैकी पाच गोल पुसले.

६ सप्टेंबर
म्युझियम पुन्हा. या वेळी पूर्ण काळा ड्रेस, काळी ओढणी, म्हणजे काचेत काही दिसणार नाही. कपाळ मोकळं आहेच. आता मी काळं घातलं तरी कुणी काही म्हणत नाही, हा एक फायदा.
चेहरा दिसला. नुसता चेहरा, जंगलात तरंगणारा. पहिल्यापेक्षा वाईट.
जगनने आज माहिती दिली. मिठागरातलं मीठ खरं आहे. "पावसात पानी सुटतं त्याला, मंग मीच बदलतो. माजा बाप मिठागरावं व्हता. ही टोपली त्यानंच इनलेली." मी म्हटलं, असेल, पण माझ्या मालिकेत ते खोट्यातच जाणार. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसा." मला उगाच राग आला.

१४ सप्टेंबर, रविवार
पितृपक्ष. ह्यांचं पान वाढलं. अळूवडी, खीर, आणि ह्यांना आवडायची म्हणून गवारीची भाजी, मला आवडत नाही तरी. कावळा लगेच शिवला. मनात काही ठेवून गेले नाहीत म्हणायचं.
मग डोंगर?

२० सप्टेंबर
उरलेले चारही डोंगर झाले. एकावर टॉवर, एक अर्धा खणून नेलेला, एकाचा रस्ता बंद. चौथ्याच्या पायथ्याशी तळं होतं. मी धावले. गोल नव्हतं. म्हैस मात्र होती. तिचे पंधरा फोटो काढले. उठून गेली.
सरांना सांगितलं, ठिकाण मिळत नाही. म्हणाले, "तुम्ही काढलेल्यातला एखादा द्या ना." माझे आजवर चारशे बारा फोटो झाले. त्यातल्या तीनशेंत मी आहे आणि उरलेल्यांत काही नाही.
आज अंथरुणावर पडल्या पडल्या ह्यांच्याशी भांडले. मोठ्याने.

४ ऑक्टोबर
गोदूबाई म्हणाली, "बाई, तो फोटो एकदा दाखवा ना नीट." मी म्हटलं, हात पुस आधी. ती हात पुसून आली तोवर मी कॅमेरा कपाटात ठेवला होता. मला आता तो कुणाला दाखवायचा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
एक युक्ती सुचली. मोठी प्रिंट काढायची. त्या तारेच्या खांबावर नंबर असेल, एखादी पाटी असेल. स्टेशनजवळच्या स्टुडिओत प्रीतम म्हणून आहे, त्याने कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. वरून सुरुवात केली. ती तार म्हणजे तडा निघाला. आकाशाला तडा. प्रीतम म्हणाला, "डिस्टेंपर उडालाय काकू, भिंत आहे ही." मी म्हटलं, खाली घे.
खाली घेतलं. म्हैस पडदाभर झाली.
प्रीतम पडद्याजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "काकू, तुमच्या म्हशीला सहा पाय आहेत."
मुंगळा.
मी म्हटलं, प्रिंट काढ. सगळ्यात मोठी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
प्रिंट पलंगावर पसरली आहे. बसायला जागा नाही, म्हणून उभी आहे.
जंगल हळिवाचं आहे. बाळंतिणीला लाडू करतो ते हळीव. उजेडाच्या दिशेने झुकलेत, वारा कसला? ह्यांनी डबा रिकामा केला म्हणून मी त्या वर्षी ओरडले होते. तळ्यात नीळ घातलेली आहे. तळ्याचा काठ चकाकतोय. काठावर टोचलेल्या ठिपक्यांची अक्षरं आहेत. अर्धी मातीखाली, अर्धी हळिवाखाली. मधली तेवढी उघडी आहेत.
'जयास'.
चष्मा पुसून परत वाचलं. तेवढंच आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
गोदूबाईने दारातूनच प्रिंट बघितली. "अगं बाई, सापडली की ताटली!"
मी म्हटलं, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती झाडू टेकवून उभी राहिली. "तीन टाइम बोलायला आले. एकदा म्हणालात हात ओले. एकदा म्हणालात तुला काय कळतं. एकदा कॅमेराच कपाटात. मी काय भिंतीला सांगू?"
मग म्हणाली, "साहेब मोरीतून ताटली घेऊन गेले ना, तेव्हा मला म्हणाले, बोलू नको, तिला वरून दाखवायचंय. खालनं हाका मारत होते. जया, गॅलरीत ये, जया. तीन हाका मारल्या. तुम्ही म्हणालात, घाणा सोडून कशी येऊ."
मला आठवत नाही. मी म्हणाले असेन. घाणा सोडून कुणालाच येता येत नाही.
दोन वर्षं मी तिला ताटलीवरून बोलत होते. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच की चहा टाक, दोन कप. ती म्हणाली, "साखर घालू की तीपण मोजून ठेवलीय?"

११ ऑक्टोबर
खाली गेले. चाळीस पायऱ्या. पंपाच्या खोलीमागे यंदाचा किल्ला अर्धा झालाय. त्याच भिंतीशी, त्याच तड्याखाली. पोरांनी तळं तयार ठेवलंय. माझीच ताटली. दरवर्षी पंपाच्या खोलीत मावळ्यांबरोबर पोत्यात असते म्हणे. एक मुलगी म्हणाली, "आजोबांचं तळं आहे ते, हात लावू नका."
नाही लावला. घरून हळीव आणून दिले. उगवायला पाच-सहा दिवस लागतात.
गुडघ्याला माती लागली. वाकल्याशिवाय नीट दिसत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
फॉर्म भरला. छायाचित्रकार: ह्यांचं पूर्ण नाव. ठिकाण: आमच्या बिल्डिंगखाली, पंपाशेजारी.
सरांचा फोन. हसायचे थांबेनात. मग म्हणाले, "काकू, हा निसर्गात बसत नाही. डायोरामा झाला. तुमच्या मालिकेत खोट्याकडे टाकू का?" मी म्हटलं, मालिका रद्द. आता तसा वेळही मिळत नाही, दिवाळी आली.
प्रदर्शनात डायोरामाचा वेगळा भाग आहे म्हणे. तिथे एकच लावणार, ह्यांचा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
चकल्या उद्या. भाजणी दळून आणली.
येताना फ्रेमवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, काच साधी लावू की चमक न येणारी? साधीत समोर उभा असेल तो माणूस दिसतो.
साधी सांगितली. संचिताला फोनवर म्हटलं, स्वस्त पडते.