ज्यूसरवाल्याच्या स्टॉलसमोर

१२ डिसें. ९८
आईचे उरलेले दात काढले. पेज बघितली की तोंड फिरवते. ड्यूटीवरून येताना प्रदर्शनातून हाताचं ज्यूसर घेतलं. खालचं रबर ओट्याला चिकटतं, हँडल फिरवायचं, वीज नको. स्टॉलवाल्यानं द्राक्षांचा रस झरझर काढून दाखवला. "ताई, लोण्यासारखं फिरतंय." बिलासाठी आमच्या वस्तीचा पत्ता सांगितला तशी मान वर करून बघितलं. सुटे पैसे हातात न देता टेबलावर ठेवले. असू दे.

१४ डिसें.
मोसंबी घातली. रबर सुटलं, मशीन ओट्यावर नाचायला लागलं. दाबून धरून फिरवलं तर हँडल मुळातून कडकन्. अर्धी वाटी रस, त्यात निम्म्या बिया. आई : "फडक्यात पिळली असतीस तर आतापतूर पिऊन झोपलो असतो की."

१५ डिसें.
परत घेऊन गेले. गर्दी होती. म्हणाला, बदलून मिळत नाही. मग जमलेल्या बायकांकडे वळून, हसून : "तुमच्या लोकांना मशीनची सवय नसते ओ बाई."
दोघीजणी हसल्या.
वॉर्डात सलाईन, ऑक्सिजन सांभाळते मी. मशीन उचलून निघाले. त्याला सुनवायचं ते सगळं रस्ताभर स्वतःशीच बोलत आले.
तुमच्या लोकांना.
सोडणार नाही ह्याला.

१६ डिसें.
रजा टाकली. समोरच्या स्टॉलवर लोणची विकणाऱ्या शमीमभाभींनी खुर्ची दिली. मांडीवर मोडकं मशीन घेऊन बसले. ओरडले नाही. जी विचारेल तिला सांगायचं, "शनिवारी घेतलं, सोमवारी तुटलं." दुपारनंतर त्याच्याकडे कोणी थांबेना. घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.
आई : "किती दिस बसणार हाईस?"
संपेपर्यंत.

१७ डिसें.
आज पिशवीभर मोसंबी घेऊन गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, "द्राक्षं पुरे. हिचा काढून दाखवा." नाही म्हणायची सोय नव्हती. फोडी कोंबल्या, फिरवायला गेला, हँडल अडकलं. जोर लावला तर रबर सुटून सगळं त्याच्या पांढऱ्या शर्टावर. मी म्हटलं, "ताकद लावायची नसते ओ." लोक हसले. परवाच्या त्या दोघी हव्या होत्या, एवढंच राहिलं.

१८ डिसें.
त्याची बायको आली. स्टॉलच्या मागं बसून फळं सोलत असते, आजवर नीट बघितलंच नव्हतं. हातात नवं मशीन.
"ह्ये घ्या बाई. माल खपला न्हाय तर मालक ह्यांचा पगार धरतोय. उठा की आता."
"ते येऊन बोलतील काय? जे बोलले त्याबद्दल?"
नवऱ्याकडे बघितलं तिनं. "त्ये न्हाय बोलायचे."
"मग मी बसते."
तरी मशीन ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, साल न् बिया काढून एकेक फोड घाला, हळू फिरवा. वाईट वाटलं. बसले मात्र.

२० डिसें.
तिनं सांगितलं तसं केलं. आई एका दमात पेला प्याली. पण सोला, बिया काढा, फिरवा, परत सगळे भाग सुटे करून धुवा. एवढ्यात फडक्यानं दोनदा पिळून झालं असतं. मनगट दुखत नाही, हे खरं. नाईटनंतर पिळायचं म्हणजे जीव जायचा.
प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. आजही बसले. सामान बांधताना त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

११ डिसें. ९९
पुन्हा प्रदर्शन. मशीन वर्षभर टिकलंय, आई आल्यागेल्याला दाखवते. "मशीन ब्येस हाय. माणूस नासका."
जाऊन आले. स्टॉलवर त्याची बायको एकटी. मोसंबीच घेऊन दाखवत होती, आधी सोलून. भोवती बायका. मला बघून हात थांबला तिचा. बाजूला येऊन म्हणाली, "ह्यांनी काम सोडलं. इचलकरंजीला माग चालवत्यात. उद्या सांजचं येणार हाईत मला न्यायला."
मी विचारलंही नव्हतं. का सांगितलं असेल?
घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे की आता. रस मिळतोय न्हवं?"
मिळतोय. रसाचं भांडणच नव्हतं.
उद्याची संध्याकाळची ड्यूटी बदलून घेतली. मेट्रननं कारण विचारलं. एका माणसाला भेटायचंय म्हटलं.